काठावरून पट्टकादंब: एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

पट्टकादंब आले, डोक्यावर काळे पट्टे असलेले हिवाळी पाहुणे रानहंस. मागच्या आठवड्यात एकही नव्हता, आज धरणाच्या फुगवट्याच्या उथळ भागात अकरा. आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा 'आँग आँग', आणि मग ते दुर्बिणीत सापडले. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की या हिवाळ्यात दुसऱ्या कशाच्या मागे लागायचं नाही. एक काठ, एक थवा आणि ५०० मिमीची एक लेन्स. ते परत जाईपर्यंत जमेल त्या सुट्टीला यायचं आणि जे दिसेल, जे चुकेल ते इथे लिहायचं.

माझ्याकडे या पक्ष्याचे आधीच चारशेच्या वर फोटो आहेत. काल रात्री सगळे पुन्हा पाहिले. निम्म्याहून जास्त फोटोंत तो माझ्याकडे पाठ करून उडतोय, उरलेल्यांत मान ताठ करून माझ्याकडे बघतोय. म्हणजे चार वर्षं मी घाबरलेल्या पक्ष्याचेच फोटो काढत आले. मला काठावर आपल्या उद्योगात असलेला पक्षी हवा आहे. चरणारा, अंघोळ करणारा, पंखात चोच खुपसून झोपलेला.

दोन गोष्टी पक्क्या केल्या. माझ्यामुळे थवा उठला तर त्या दिवसापुरता कॅमेरा पिशवीत, मग सकाळ कितीही उरलेली असो. आणि जागेचं नाव कुठेही लिहायचं नाही. थवा कुठे बसतो हे एकदा पसरलं की आठवड्याभरात तिथे ट्रायपॉडांची रांग लागते, हे मी पाहिलं आहे.

१६ नोव्हेंबर

नियम पहिल्याच सकाळी लागू झाला. सातला पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तेवीस पक्षी चिखलाच्या पट्टीवर, मी काठाच्या उंचवट्यावर, मध्ये दीडेकशे मीटर. वाकून, झुडपांच्या आडून चालू लागले. एक मान वर झाली. मग तीन-चार. चरणं थांबलं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली, तरी मी आणखी पाच-सहा पावलं टाकली. पाण्यावर पाय मारत अख्खा थवा उठला आणि त्यांच्याबरोबर काठावरचे चक्रवाकही ओरडत गेले.

कॅमेरा आत ठेवला आणि साडेनऊपर्यंत दुर्बीण घेऊन बसून राहिले. ते बसणं वाया गेलं नाही. पट्टकादंब हिवाळ्यात बरंचसं रात्री शेतांत चरतात आणि सकाळी पाण्यावर येतात, हे वाचून माहीत होतं. आज उशिरा आलेल्या दोन टोळ्या शेतांच्या दिशेने येऊन त्याच चिखलाच्या पट्टीकडे वळलेल्या बघितल्या. मला पाहून एक टोळी पुढे निघून गेली. म्हणजे आपण त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. ते यायच्या आधी, अंधारात, जागेवर जाऊन पडायला हवं.

घरी आल्यावर अंतराचं गणित मांडलं. पट्टकादंब लांबीला सुमारे ७५ सेंटिमीटर. ५०० मिमीच्या लेन्सने फुल फ्रेम सेन्सरवर तो ६० मीटरवरून चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो, २० मीटरवरून निम्मी चौकट. पण २० मीटरवर लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवलं तर फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या पल्ल्यात सगळं स्पष्ट येतं ती, अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते, म्हणजे दोन पक्षी मागेपुढे उभे असतील तर त्यांतला एकच स्पष्ट येणार. मला हवं ते अंतर यांच्या मधलं, तीस-चाळीस मीटर.

२३ नोव्हेंबर

जागा निवडण्यात सगळी सकाळ गेली, फोटो एकही नाही.

सूर्य पाठीशी हवा म्हणून पूर्वेचा काठ, हे कुणीही सांगेल. मला वाऱ्याचं भान आज आलं. बदकं आणि हंस उतरतात ते वाऱ्याकडे तोंड करून, उठतातही वाऱ्याकडे तोंड करूनच. वारा माझ्या पाठीमागून पाण्याकडे वाहत असेल तर उतरणारा प्रत्येक पक्षी माझ्याकडे तोंड करून येतो, पाय पुढे, पंख पसरलेले, छातीवर ऊन. वारा उलटा असेल तर दिवसभर शेपट्या. म्हणजे पूर्वेच्या काठावर पूर्वेचा वारा असलेली सकाळ सोन्याची, आणि पश्चिमेचा वारा असेल तर आपली मेहनत दुसरीकडे वळवायची. आता आदल्या रात्री हवामानाच्या अंदाजात तापमानाच्या आधी वाऱ्याची दिशा बघते.

उतरताना त्यांनी केलेली एक करामत दुर्बिणीतून बघायला मिळाली. उंची पटकन कमी करायची असेल तर हंस हवेत अंग उलटं करतो. पोट आकाशाकडे, पाठ पाण्याकडे, पंखांतली हवा निसटते आणि तो दगडासारखा खाली येतो. पुन्हा सुलटा होतो, पुन्हा कलंडतो. आणि हे सगळं चालू असताना डोकं मात्र सरळच, मानेलाच तेवढा पीळ. एका टोळीतल्या सहा जणांनी एकामागोमाग हे केलं. तोंडातून शब्द फुटला नाही माझ्या.

३० नोव्हेंबर

पहाटे पावणेपाचला जागेवर. आज पहिल्यांदा जमिनीला चिकटून काम केलं.

उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे पाणी किंवा चिखल असतो, अगदी जवळचा, त्यामुळे तोही अर्धवट स्पष्ट दिसतो आणि पक्षी त्यात रुतून बसतो. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणली की मागचं सगळं दोन-तीनशे मीटर लांब जातं आणि विरघळतं. हे सांगायला सोपं आहे. ट्रायपॉड मात्र इतका खाली येत नाही, आणि ओल्या गाळात त्याचा एक पाय खचला की लेन्ससकट आडवा होतो. म्हणून एका जुन्या लोखंडी तव्याला मधोमध भोक पाडून त्यावर ट्रायपॉडचं डोकं बोल्टने बसवलं आहे. तवा गाळावर होडीसारखा सरकतो, रुततही नाही. स्वतःसाठी प्लायवूडची एक फळी, कोपर आणि छाती तिच्यावर. गाळ किती खोल आहे ते काठीने तपासल्याशिवाय फळीवरून पाय खाली टाकायचा नाही. धरणाच्या फुगवट्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर असतो.

वरून मळकट जाळी, तिच्यात काठावरचंच वाळकं गवत खोचलेलं. एवढंच माझं लपण.

सहा वीसला पहिली टोळी उतरली, पंचावन्न-साठ मीटरवर. हृदय इतकं धडधडत होतं की पहिल्या बर्स्टमधला, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्यांतला, एकही फोटो धड नाही. नंतर सावरले. एक जोडी पाणी पिताना मिळाली, चोच पाण्याबाहेर काढून मान वर केलेली, चोचीच्या टोकाशी एक थेंब. निघताना अडचण कळली: ते बसलेले असताना उठायचं कसं? पावणेदहापर्यंत पडून राहिले, शेवटी तेच खोल पाण्यात गेले तेव्हा मागे सरकले. पुढच्या वेळी परतीचा वेळ धरूनच पाणी बरोबर न्यायचं.

७ डिसेंबर

इथे रोज पहाटे जाळी काढणारे एक मामा आहेत. त्यांची होडी थव्यापासून चाळीस मीटरवरून जाते आणि एकही मान वर होत नाही. आज काठावर भेटले तेव्हा त्यांना विचारलं.

"ताई, मी माझ्या कामाला जातो," ते म्हणाले. "तुम्ही त्यांच्याकडे जाता. त्यांना ते कळतं."

मी म्हटलं, "मामा, मी तर सरपटत येते, दिसतही नसेन."

"सरपटणारं काय असतं पाण्याकाठी? कोल्हा, नाहीतर कुत्रं. माणूस चालत आला तर त्यांना माणूस दिसतो. दबा धरणारा आला की ते आधी उठतात."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. सरपटायचं असेल तर ते येण्याआधी, अंधारात. उजेडात जागा बदलायची वेळ आली तर उभं राहून, त्यांच्याकडे न बघता, तिरकं, सावकाश चालायचं, जसा कुणी आपल्या वाटेने जातो. दहाच्या सुमाराला हे करून बघितलं. एकशेवीस मीटरवरून तिरकी चालत गेले. दोन माना वर झाल्या. थांबले, पाठ वळवली, खाली बसून पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. माना खाली गेल्या.

२१ डिसेंबर

हाडं गोठवणारी थंडी, वारा शून्य, स्वच्छ ऊन, पक्षी पस्तीस मीटरवर, आणि चारशे फोटोंतला एकही टोकदार नाही. आधी वाटलं लेन्सला मार लागला. मग वाटलं शटर कमी पडलं, पण ते १/१६०० सेकंद होतं.

मोठं करून बघितल्यावर कळलं. पक्ष्याची कड सरळ नाही, लाटेसारखी हलते आहे, आणि एका फ्रेममध्ये ती डावीकडे फुगलेली तर पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे. ही हवेची थरथर. दुपारच्या तापलेल्या जमिनीवर ती असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण कडाक्याच्या थंडीत पहाटेसुद्धा ती असते, कारण तेव्हा पाणी हवेपेक्षा कितीतरी गरम असतं. पाण्यावरून वाफ उठताना दिसते तीच खूण. आपण लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवून त्या सगळ्या थरातून आरपार बघत असतो. महागातली लेन्स असो की कुठलाही कॅमेरा, यावर औषध नाही. अंतर कमी असणं हाच एक इलाज.

दुसरी गोष्ट, गाडीच्या उबेतून काढलेली लेन्स थंडीत लगेच वापरली तर लेन्सच्या हूडमध्येच गरम हवा घुसळत राहते. आता पोचल्यावर लेन्स अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ देते. पडून राहायचं असतंच तेवढा वेळ.

अशा दिवशी लांबचे पक्षी सोडून द्यायचे. वाफेतच काम केलं: सूर्याकडे तोंड करून, सावलीसारखे काळे दिसणारे हंस आणि त्यांच्यामागे केशरी धूर. या फोटोंत कडा टोकदार नसल्या तरी चालतं. तीन ठेवले.

४ जानेवारी

मोसमातली सर्वात चांगली सकाळ. सविस्तर लिहून ठेवते.

पूर्वेचा मंद वारा. पावणेसातला चोवीस पक्षी थेट माझ्यासमोर, सर्वात जवळचा अठ्ठावीस मीटरवर. पाणी महिन्याभरात बरंच मागे गेलं आहे, पाण्याच्या कडेला रोवलेली काठीची खूण आता कोरड्यात नऊ पावलं आत आहे, आणि त्यामुळे जी नवी पट्टी उघडी पडली तिथेच ते बसतात.

आठच्या सुमाराला अंघोळी सुरू झाल्या. एकाने सुरू केलं की शेजारचा करतो, मग त्याचा शेजारी. क्रम ठरलेला असतो. आधी डोकं आणि मान पाण्यात बुडवून झटक्यात वर, पाणी पाठीवरून ओघळतं. हे पाच-सहा वेळा. मग पंखांनी पाणी अंगावर मारणं. मग काही क्षण स्तब्ध. आणि त्यानंतर, जवळजवळ प्रत्येक वेळी, तो अंग उभारून पंख पूर्ण उघडून तीन-चार वेळा फडफडवतो. फोटोग्राफरला हवा असलेला क्षण हाच, आणि तो आपली वेळ सांगून येतो. बुडी मारणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, पंख उघडल्यावर मावतील एवढी जागा चौकटीत दोन्ही बाजूंना सोडायची, शटर १/२००० आणि थांबायचं. पूर्वी मी पंख उघडलेले दिसल्यावर कॅमेरा वळवायचे आणि नेहमी पंख कापले जायचे.

एक पक्षी तर माझ्याकडेच तोंड करून उभारला. पंखांतून उडालेलं पाणी मागच्या उन्हात लखलखत होतं, पोटावरची राखाडी पिसं एकेक मोजता येत होती, चोच पिवळी आणि टोकाला काळा ठिपका, पाय नारिंगी. डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे, एक या डोळ्यापासून डोक्यामागून त्या डोळ्यापर्यंत, दुसरा खाली मानेशी, त्याहून आखूड. एवढ्या जवळून ते पट्टे सपाट काळे नाहीत. कडेला पिसं पांढऱ्यात विस्कटलेली आहेत, शाई फुटावी तशी.

त्या बर्स्टमधल्या एकोणीस फ्रेमपैकी सात बाद. कारण डोळ्यावर आलेला आतला पडदा. पक्ष्यांना पापणीच्या आत एक पारदर्शक तिसरी पापणी असते, पाणी उडताना ती डोळ्यावरून सरकते आणि फोटोत डोळा निळसर, मेलेल्यासारखा दिसतो. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसेल तर बाकी सगळं कितीही सुंदर असो, मी तो फोटो ठेवत नाही.

आणखी एक: कॅमेऱ्याचं मीटर ओला काळा चिखल बघून फोटो उजळ करायला जातं आणि पांढरं डोकं पार करपतं. आज पहिल्या दहा मिनिटांचे फोटो असेच गेले. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली, आणि हिस्टोग्रामपेक्षा (उजेडाच्या आलेखापेक्षा) लखलखाटाचा, म्हणजे करपलेला भाग लुकलुकवून दाखवणारा, इशारा बघायचा. डोक्याच्या पिसांतले तपशील एकदा गेले की रॉ फाइलमधूनही परत येत नाहीत.

१८ जानेवारी

आशियाई पाणपक्षी गणनेचा काळ. ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि मीही या काठापुरती मोजणी करते. या वर्षी कॅमेऱ्याने मोजून बघितलं. छोट्या लेन्सने थव्याचे एकमेकांवर थोडे चढणारे सात फोटो डावीकडून उजवीकडे, आणि घरी पडद्यावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका. डोळ्यांनी मी १४० लिहिले होते. ठिपके निघाले १८३. दाट बसलेला थवा नजरेला नेहमी कमी वाटतो, हे इतक्या स्पष्टपणे कधी दिसलं नव्हतं.

ठिपके देताना पिल्लं वेगळी मोजली. या वर्षीच्या पिल्लाच्या डोक्यावर काळे पट्टे नसतात, माथा आणि मानेची मागची बाजू मळकट तपकिरी असते, आणि ती हिवाळाभर आईबापांबरोबरच राहतात. १८३ पैकी ३१. एका कुटुंबात चार आहेत. ते कुटुंब मी आता ओळखते, कारण नर शेजारच्यांना फारच हुसकावतो.

आणि सगळ्यात मोठी बातमी: थव्याच्या पलीकडच्या कडेला एकाच्या गळ्यात हिरवा पट्टा आहे. मंगोलियातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात असे गळपट्टे घालतात. तेव्हा हंसांची उडायची सगळी पिसं एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही, म्हणून तेव्हाच त्यांना पकडता येतं. पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली तर हा पक्षी कुठून आला ते कळेल. पण तो दोनशे मीटरवर होता. अक्षर दोन सेंटिमीटर उंचीचं धरलं तर एवढ्या अंतरावरून माझ्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ते जेमतेम आठ पिक्सेल. त्यात साडेनऊची थरथर. हिरव्यावर पांढरा धूर, एवढंच आलं.

२ फेब्रुवारी

आज जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावात पाणथळींचा करार झाला.

आठ वाजता पलीकडच्या काठावरून कुणीतरी ड्रोन उडवला. तो थेट थव्यावर आला, घारीसारखा वर थांबला. सगळं उठलं. हंस, चक्रवाक, तलवार बदकं, थापटे, शेकाटे, एकूण एक. चार वेळा बसायचा प्रयत्न केला, चारही वेळा तो त्यांच्या मागे गेला. तेवीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मग हंस उंच गेले आणि दिसेनासे झाले. मी चालत पलीकडे गेले तोवर तिथे कुणी नव्हतं.

संताप लिहून काय होणार, म्हणून यामागचं कारण लिहिते. हे पक्षी इथे फिरायला आलेले नसतात. मार्चमध्ये त्यांना हिमालय ओलांडायचा असतो. ट्रान्समीटर लावून मागोवा घेतलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीची नोंद आहे. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरतं, तरीही ते उगाच वर चढत नाहीत. डोंगराच्या चढउतारांना धरून खालीवर होत जातात, कारण विरळ हवेत उडायला जास्त ताकद लागते. ती सगळी ताकद चरबीच्या रूपाने इथे, या दोन-तीन महिन्यांत साठवायची असते. उठवलेल्या प्रत्येक वेळी त्यातली थोडी जाते. माझ्या नोव्हेंबरमधल्या पाच-सहा पावलांनीही गेली होती.

८ फेब्रुवारी

थवा नाही. काठावर फक्त टिबुकल्या, त्या छोट्या बुड्या मारणाऱ्या.

१५ फेब्रुवारी

हंस परत आले आहेत, पण पलीकडच्या बाजूला. मागे जायचं नाही असं ठरवलं आणि इतरांवर काम केलं.

वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचे चांगले फोटो मिळाले. वारकरी आणि लालसरी बदकं यांना जागच्या जागी उठता येत नाही. त्यांचे पाय अंगाच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून ते पाण्यावर बरंच अंतर धावत जातात आणि मग उचलले जातात. त्या धावण्यात प्रत्येक पावलामागे पाण्याचा एक तुरा उभा राहतो. एकमेकांशी भांडतानाही ते असेच धावतात, त्यामुळे त्यांना उठवायची गरजच पडत नाही. तलवार बदकं आणि चक्रांग मात्र पाण्यातून स्प्रिंगसारखे सरळ वर उडतात, तिथे कॅमेरा उभा धरलेला बरा. शटर १/६० ला ठेवून कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत काही काढले. ऐंशीपैकी दोन जमले, त्या दोनांत डोकं स्थिर आहे आणि पंख धुक्यासारखे.

१ मार्च

हंस पुन्हा माझ्या बाजूला. १२६ मोजले.

थवा आपणहून उठतो तेव्हा आधी काय होतं हे आज नीट पाहिलं. घाबरून उठताना माना ताठ आणि स्थिर असतात. आपल्या मर्जीने निघताना एक पक्षी मान थोडी उंचावतो आणि डोकं आडवं झटकतो, चोचीवरचं पाणी झाडल्यासारखं. मग त्याची जोडी झटकते, मग पिल्लं. झटकणं वाढत जातं, आवाज वाढतो आणि सगळं कुटुंब एकदम उठतं. पहिल्या झटक्यापासून उठेपर्यंत मला एकदा वीस सेकंद मिळाले, एकदा मिनिटाच्या वर. कधी कधी बाकीचे साथ देत नाहीत आणि झटकणारा गप्प बसतो. ज्या उड्डाणासाठी मी चार वर्षं पक्ष्यांच्या अंगावर जात होते, ते असं सांगून होतं. आज त्या चार पिल्लांच्या कुटुंबाचं उड्डाण मिळालं, सहाही जण एका चौकटीत, माझ्यामुळे न उठलेले.

८ मार्च

गळपट्ट्याचा पक्षी आज माझ्या पट्टीवर आला.

सात वाजता नव्वद मीटरवर उतरला, चरत चरत सत्तरवर आला. हवा स्थिर, थंडी सौम्य, थरथर नाही. दोन सेंटिमीटरचं अक्षर आता तेवीस पिक्सेल. पहिलं अक्षर लगेच वाचलं. तो वळला तसं दुसरं, मग तिसरं. चौथं चिन्ह मानेच्या पिसांत अर्धं बुडालेलं, ३ की ८ की बी, काही कळेना. पक्षी माझ्याकडे उजवी बाजू करून उभा, आणि मला हवी होती डावी.

डावीकडे पंधरा मीटर सरकले असते तर दिसलं असतं. तवा ढकलला, दोन हात पुढे गेले. पहारा देणाऱ्यांतल्या एकाची मान वर झाली. थांबले. पाच मिनिटांनी मान खाली. पुन्हा वीतभर सरकले. या वेळी तीन माना वर आणि गळपट्टेवाल्याचीही. तो सरळ माझ्याकडे बघत होता, त्यामुळे पट्टा समोरून दिसला, आणि समोरून चौथं चिन्ह दिसतच नाही.

मार्च आहे. ते पोट भरताहेत. मी हनुवटी फळीवर टेकवली आणि हात कॅमेऱ्यावरून काढले. अर्ध्या तासाने तो चरत उलट्या दिशेला निघून गेला, उजवी बाजूच दाखवत.

१० मार्च

गळपट्ट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना पाच फोटो पाठवले. तीन चिन्हं, चौथ्याच्या तीन शक्यता, तारीख, वेळ, थव्याची संख्या, आणि त्याच्याबरोबर एक जोडीदार आहे व पिल्लू नाही, हेही लिहिलं.

१५ मार्च

४४ पक्षी. दिवसभर डोकी झटकणं चालू होतं. गळपट्टा नाही. चार पिल्लांचं कुटुंब आहे. पिल्लांच्या डोक्यावर आता पुसटसे पट्टे उमटू लागले आहेत, जवळच्या फोटोत दिसतात. दुपारी उत्तर आलं: तीन शक्यतांपैकी दोन क्रमांक वापरात आहेत, दोन्ही पक्षी एकाच तळ्यावर, एकाच उन्हाळ्यात पकडलेले, एक नर आणि एक मादी. इथे दोघांपैकी कोण होतं ते ठरवता येणार नाही, पण तळं कळलं. नकाशावर ते शोधून बराच वेळ बघत बसले.

२२ मार्च

पहाटे पाचला जागेवर. कुणी आलं नाही. सात वाजता मामांची होडी आली, त्यांनी लांबूनच हात हलवून आभाळ दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "रात्री गेले, ताई. लई वेळ आवाज येत होता."

चिखलात त्यांच्या पायांचे ठसे अजून ताजे होते, पडद्याच्या बोटांचे, मोठ्यांच्या शेजारी जरा लहान. कडेचं पाणी अजून त्यांत उतरलं नव्हतं. त्यांचे फोटो काढले, काठीची खूण उपटली. नोव्हेंबरपासून पाणी एकशे बारा पावलं मागे गेलं आहे.